कर्कश? जरा ऐकून तर बघा!

रीडिंग फेस्टिव्हल म्हटले की आपल्या मंडळींना आठवते ते ऑगस्ट बँक हॉलिडेचे ट्रॅफिक, चिखलाने माखलेले बूट आणि नदीपलीकडे कॅव्हर्शॅमपर्यंत ऐकू येणारी धडधड. पण या जत्रेचे मूळ जॅझमध्ये आहे! १९६१ साली हॅरल्ड पेंडल्टन यांनी रिचमंडला सुरू केलेला नॅशनल जॅझ फेस्टिव्हल फिरत फिरत १९७१ मध्ये आपल्या गावी आला आणि इथलाच झाला. १९७८ मध्ये तिथे द जॅम, शॅम ६९ असे पंकवाले येऊन थडकले.

जॅझ आणि पंकची हीच सोयरीक १९९८ च्या एका स्वीडिश अल्बमच्या नावातच आहे. रिफ्यूज्ड या बँडचा ‘द शेप ऑफ पंक टू कम’. ऑर्नेट कोलमनच्या १९५९ च्या ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’वरून घेतलेले नाव. उत्तर स्वीडनमधल्या उमेओ गावची ही मुले. हार्डकोर पंक वाजवणारी, म्हणजे घसा फाटेस्तोवर ओरडणारी; पण दारू नाही, मांस नाही, दूधसुद्धा नाही. आपले माळकरी निदान ताक तरी पितात!

माझे कान ख्यालावर पोसलेले. त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना डेनिस लिक्सेनचा आवाज मला पाच मिनिटेही सोसवला नाही. पुन्हा ऐकला तो त्यातल्या शांत जागांसाठी. ‘न्यू नॉइज’ घ्या. गिटार दबक्या आवाजात एकच आकृती घोळवत राहते, ताण चढत जातो, आता फुटणार असे वाटते आणि सगळे एकदम ओसरते. उरते ती नुसती इलेक्ट्रॉनिक धुगधुगी. मग किंकाळी येते. ही समेची गंमत नाही. समेवर आपण सुटतो, इथे अडकतो. ‘लिबरेशन फ्रीक्वेन्सी’मध्ये तोच गायक आधी इतका हळुवार गातो की पुढच्या ओरडण्याला दुखऱ्या माणसाचा चेहरा येतो. ‘द डेडली ऱ्हिदम’मध्ये मध्येच डबल बास जॅझच्या चालीने चालू लागतो आणि ‘टॅनहॉयझर’ची सुरुवात तर चक्क व्हायोलिनने होते.

मला राहून राहून ‘घाशीराम कोतवाल’ आठवते. तेंडुलकरांच्या १९७२ च्या त्या नाटकात, भास्कर चंदावरकरांच्या संगीतात, कीर्तन आणि लावणी एकमेकांना खेटून येतात. भक्तीचा सूर जितका गोड, तितके पुढचे क्रौर्य अंगावर येते. तिथे गोडवा म्हणजे विसावा नव्हे, तो आरोपपत्राचाच भाग असतो. रिफ्यूज्डचे व्हायोलिन हेच काम करते. राग सलग असला की कानाला त्याची सवय होते आणि सवय झालेल्या रागाचे कोणालाच भय वाटत नाही. पंकचे नेमके तेच झाले होते. म्हणून या मुलांनी सवयच मोडली.

सगळेच जमले आहे असे नाही. बारा गाण्यांचा ऐवज थोडा लांबलाय. ‘ब्रूटिस्ट पोम’चा इलेक्ट्रॉनिक तुकडा मला प्रयोगवहीतल्या पानासारखा वाटतो. भांडवलशाहीविरुद्धचे प्रवचनही काही ठिकाणी गाण्याच्या मानगुटीवर बसते. तेंडुलकर असे समजावून सांगत बसले नसते.

अल्बम आला त्याच वर्षी, अमेरिकेच्या दौऱ्यात, बँड फुटला. व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गमध्ये एका घराच्या तळघरात चाललेला शेवटचा कार्यक्रम पोलिसांनी बंद पाडला. कीर्ती आली ती नंतर. २०१२ मध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि २०२४ च्या डिसेंबरात उमेओतच त्यांनी कायमचा निरोप घेतला.

ज्यांना ओरडणे अजिबात सोसत नाही, त्यांनी शेवटून सुरुवात करावी. ‘द अपोलो प्रोग्रॅम वॉज अ होक्स’ हे शेवटचे गाणे अगदी हलक्या आवाजातले, अकूस्टिक गिटारवरचे आहे. ते आवडले, तर मग दारे-खिडक्या लावून ‘न्यू नॉइज’कडे वळा. शेजारी इंग्रज असले तर आधी सांगून ठेवा.