माडाची उंची, काठाची रेषा : पेडणे-डिचोलीच्या आराखड्यांचे एक वाचन

मागच्या बैठकीत आपल्या मंडळात जी खडाजंगी झाली ती ज्यांनी ऐकली, त्यांना हे टिपण का लिहिले ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. शापोरा नदीवरच्या जुन्या तारींवरचा निबंध वाचून झाला आणि चर्चा घसरली ती नदीकाठी येऊ घातलेल्या उंच इमारतींवर. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "माडाच्या वर इमारत जाता नये, एवढा एकच नियम पुरे." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण सभासद बोलली, "काका, माझा भाऊ पर्वरीला भाड्याने राहतो. पेडण्यात त्याला परवडेल असं घर नाही. तुम्ही उंच बांधू देणार नाही, आडवं बांधू देणार नाही, मग त्यानं राहायचं कुठं?"

तिला कोणी नीट उत्तर दिले नाही. चहा आला आणि विषय मिटला.

मला ते लागले. म्हणून गेले काही आठवडे मी प्रादेशिक आराखडा, किनारी नियमनाच्या अधिसूचना आणि नगरनियोजन कायद्यातल्या दुरुस्त्या घेऊन बसलो. आपण ताम्रपट वाचतो तशा, ओळीओळीने वाचल्या. वाचून माझे मत बदलले. आपण उंचीवर भांडतो आहोत, पण काठ जातो आहे तो उंचीमुळे नव्हे.

आधी माडाचेच बघू. जुना माड वीस मीटरच्या वर सहज जातो. तीच मोजपट्टी धरली तर मजल्यामागे सव्वातीन मीटर धरून सहा मजले आरामात बसतात! आपल्या काकांना मांद्र्याच्या काठावर सहा मजले हवे होते काय? मुळीच नाही. मोजपट्टी कानाला गोड लागते म्हणून ती बरोबर असतेच असे नाही.

किनाऱ्यावर खरी चालणारी मर्यादा नऊ मीटरची, तळमजला आणि वर एक मजला. ही आपल्या परंपरेतून आलेली नाही. १९ फेब्रुवारी १९९१ ची केंद्राची सीआरझेड अधिसूचना, तिच्यात ग्रामीण किनाऱ्यासाठी ती आली. भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही, दोनशे ते पाचशे मीटरमध्ये अटींसह, नऊ मीटरपर्यंत. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी हा पट्टा आज कळंगुटसारखा दिसत नाही, त्यात या दोन आकड्यांचा वाटा आहे हे मान्य करायला हवे. २०११ च्या अधिसूचनेत तर गोव्यासाठी वेगळा भाग आहे. खाजन जमिनींचे नकाशे करा, वाळूच्या टेकड्या राखा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि कासवांच्या विणीच्या जागा म्हणून मोरजी-मांद्र्याची नावे घेतली आहेत.

पण हा नियम समुद्राकडे तोंड करून लिहिलेला आहे. भरतीच्या नदीच्या काठी तो आक्रसतो. २०११ च्या अधिसूचनेत तिथे शंभर मीटर किंवा नदीची रुंदी, जे कमी असेल ते. २०१९ च्या अधिसूचनेत शंभराचे पन्नास झाले. आणि आपल्या दोन तालुक्यांचा इतिहास घडला आहे तो मुख्यतः नदीकाठी. डिचोली १७८१-८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. तोवर या नद्या म्हणजे सरहद्द होती. हळर्णचा किल्ला शापोऱ्याच्या काठी. १७४६ मध्ये तो घेतला म्हणून पोर्तुगीज व्हाइसरॉयला 'आलोर्नाचा मार्क्विस' ही पदवी मिळाली. त्याच मोहिमेत तेरेखोलही गेला, तोही नदीच्या मुखावर. डिचोलीत नार्व्याचा सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा. तिथले देऊळ पाडले गेल्यावर देव पाणी ओलांडून अलीकडे आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. आजही नार्वे-दिवाडी फेरीबोटीत उभे राहिले की ती गोष्ट पुस्तकाशिवाय कळते.

देवळाचे २०२३ मध्ये नूतनीकरण झाले तेव्हा आपण सगळे हौसेने जाऊन आलो, फोटो काढले. फेरीधक्क्याच्या आजूबाजूची जमीन आराखड्यात कुठल्या रंगात आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? मी नव्हते पाहिले. या संकेतस्थळावरच्या आपल्या निबंधांवर माझा पहिला आक्षेप हाच आहे. आपण वास्तू वाचतो, नकाशा वाचत नाही. संरक्षित स्मारकाच्या यादीत किल्ला येतो, देऊळ येते. धक्का, मानस, मिठागर, बांध यांतले काही येत नाही.

खरे तर गावांच्या नावांतच जुने झोनिंग आहे. अगरवाडा म्हणजे आगरांचा, मिठागरांचा वाडा. खाजन म्हटले की खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेती, घर बांधायची जागा नव्हे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. घरे मरडावर, डोंगराच्या पायथ्याशी, आणि सखल भाग पाण्याला व भाताला. कोणी अधिसूचना काढली नव्हती.

आता आराखड्याकडे येतो. प्रादेशिक आराखडा २०११ जनआंदोलनापुढे टिकला नाही. गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारने तो मागे घेतला. मग टास्क फोर्स नेमला गेला, त्यात वास्तुविशारद चार्लस कोरिया होते. त्यातून २०२१ चा आराखडा आला. त्याचे मोठेपण असे की मसुदे गावोगावच्या पंचायतींपुढे गेले आणि खाजन, भातशेती, जंगल, उभे उतार ही जमीन पर्यावरणीय विभाग म्हणून वेगळी काढली गेली. दोषही होते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरे आहेत ती जागा काही ठिकाणी नकाशात शेती म्हणून रंगली. मुंडकाराला स्वतःच्या घराची डागडुजी करताना त्रास झाला. हे नाकारून चालणार नाही.

चूक खरी होती, उपाय मात्र भलताच निघाला. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले. अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी, असे त्याचे शब्द. प्रत्यक्षात एकेका मालकाच्या अर्जावर, एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलू लागला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले आणि कलमाला मर्यादा घातली. दरम्यान २०२४ मध्ये ३९अ आले. पुन्हा तेच, भूखंडागणिक झोनबदल, जाहिरातीनंतर लोकांना सूचनांसाठी तीस दिवस. या कलमांचे पुढे काय व्हायचे ते होवो, त्यामागची रीत कळली पाहिजे. पूर्ण आराखडा बदलायला निघाले की गाव जागे होते. २०२३ च्या अखेरीस पेडणे तालुक्याच्या झोनिंगचा मसुदा आला तेव्हा ते दिसले. मोपाचा विमानतळ नुकताच सुरू झालेला, जमिनींचे भाव चढलेले. लोक उठले, स्थानिक आमदारही विरोधात बोलले आणि मसुदा बाजूला ठेवावा लागला. तुकड्या-तुकड्याने बदलले की कोणाला जाग येत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. उंच इमारतीचे समर्थक म्हणतात, उभे बांधा म्हणजे जमीन वाचेल. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डोंगर कापून पसरलेली दुसऱ्या घरांची बैठी वसाहत नऊ मीटरच्या आतच असते, आणि ती चार-पाच मजली इमारतीपेक्षा कितीतरी जास्त जमीन खाते. कोरियांनीच मुंबईत 'कांचनजंगा' हा मनोरा उभारला आणि पणजीत मांडवीकाठी कला अकादमी बुटकी ठेवली, रस्त्यावरून आत शिरले की नदीपर्यंत वाट मोकळी. एकाच माणसाने दोन जागांना दोन उत्तरे दिली, कारण जागा वेगळ्या होत्या.

तेव्हा पेडणे शहरात, डिचोली बाजाराच्या मागे, जिथे पाणी, मलनिस्सारण, रस्ता आहे तिथे स्थानिकांना परवडतील अशी चार मजली घरे होत असतील तर मी विरोध करणार नाही. मंडळातल्या काहींना हे रुचणार नाही, पण मला असेच वाटते. माझी अट एकच. उभे बांधून जी जमीन वाचली म्हणता, ती खरोखर वाचलेली राहिली पाहिजे. आज ती हमी नाही. उद्या त्याच वाचलेल्या खाजनाचा झोन अर्ज करून बदलता येत असेल, तर इमारतही उंच होणार आणि जमीनही जाणार. रेषा पक्की नसेल तर उंचीचा आकडा नऊ असो की चोवीस, त्याला अर्थ नाही.

इथे खाजनाचा बांध आठवतो. बांधाची उंची किती, यावर आपले पूर्वज भांडले असतील, पण बांध टिकला तो उंचीमुळे नव्हे. एका ठिकाणी भगदाड पडले की खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते, हे प्रत्येकाला माहीत होते, म्हणून भगदाड बुजवायला सगळे धावत. एकाच्या शेतापुरता बांध फोडायची परवानगी कोणी मागितली नसती आणि दिलीही नसती. एका भूखंडाचा झोन बदलणे म्हणजे बांधाला पाडलेले तेवढेच भगदाड.

म्हणून मंडळापुढे एक काम ठेवतो. शापोरा, तेरेखोल, वाळवंटी आणि मांडवी यांच्या काठची आपापल्या गावची जुनी नावे, मानशी, तारी, मिठागरे यांची सर्व्हे नंबरांसकट नोंद करू. एक-चौदाचा उतारा काढणे शिलालेखाचा ठसा घेण्याएवढे अवघड नाही. पुढची जाहिरात येईल तेव्हा तीस दिवस हातात असतील. त्या मुदतीत "आमचा वारसा वाचवा" असे मोघम पत्र देण्यापेक्षा, या नंबरात मानस आहे, या नंबरात बांध आहे, असे लिहून देता आले पाहिजे.

आणि पुढच्या बैठकीत त्या मुलीला आधी बोलू द्यावे. चहा नंतर घेऊ.