मुहणोत नैणसीची ख्यात

राजपुतान्याचा इतिहास म्हटला कीं सुशिक्षित वाचकांस प्रथम कर्नल टॉडचें नांव आठवतें. १८२९ ते १८३२ या काळांत निघालेल्या त्याच्या ग्रंथानें हिंदुस्थानांतील कित्येक नाटककादंबऱ्यांस कथानकें पुरविलीं. परंतु ज्या तऱ्हेच्या भाटचारणी कथांवर टॉडनें आपली इमारत उभारली, त्या मूळ मारवाडी गद्यांत कशा सांगितल्या जात, हें पाहण्याची तसदी फार थोडे घेतात. तें पाहावयाचें असल्यास मुहणोत नैणसीच्या ख्यातीसारखा दुसरा ग्रंथ नाहीं.

ख्यात म्हणजे राजघराण्यांचा गद्य वृत्तांत. वात म्हणजे एखाद्या पुरुषाची वा प्रसंगाची गोष्ट. विगत म्हणजे तपशीलवार नोंद. दरबारीं काव्य चारणांचें, हें सर्वश्रुत आहे. गद्यांत मात्र कारकुनाचा हात चारणाच्या हाताइतकाच दिसतो. नैणसी (१६१०–१६७०) चारण नव्हताच. तो ओसवाल जैन, १६५८ पासून जोधपूरच्या महाराजा जसवंतसिंहाचा दिवाण. (१६६३ च्या अखेरीस सिंहगडास वेढा घालून हात हलवीत परतलेला तो हाच जसवंतसिंह.) मेवाडचे सिसोदिये, बुंदीचे हाडा, जैसलमेरचे भाटी, मारवाडचे राठोड अशा अनेक कुळांच्या हकीकती त्यानें जमविल्या, आणि अमुक गोष्ट अमक्या चारणानें सांगितली, अशी नोंदही जागोजाग ठेविली. आपल्या बखरकारांस हें क्वचितच सुचलें.

या गद्याचा गुण कोणता, हें पाबूजीच्या वातेंत चांगलें दिसतें. धांधल राठोड एका अप्सरेस धरून आणतो. आपल्याकडे चोरून पाहावयाचें नाहीं, अशी तिची अट. एके दिवशीं तो पाहतो, तों ती सिंहीण होऊन बालक पाबूला स्तनपान देत आहे! अट मोडली, अप्सरा निघून गेली. एखाद्या कवीनें येथें केवढा थाट केला असता! नैणसी मात्र आखूड वाक्यांत, अलंकारावांचून, एखाद्या परगण्याची पाहणी लिहावी तशी ही गोष्ट लिहून टाकतो.

आणि परगण्यांची पाहणीही त्यानें खरोखरच लिहिली आहे. ‘मारवाड रा परगनां री विगत’ या त्याच्या दुसऱ्या ग्रंथांत जोधपूर, सोजत, मेडता आदि परगण्यांतील गांवें, वसूल, विहिरी, पिकें, ओसाड पडलेल्या वस्त्या, शहरांत कोणत्या जातीचीं किती घरें, हें सारें आहे. मुनशी देवीप्रसादांनीं नैणसीस राजपुतान्याचा अबुल फजल म्हटलें, तें मुख्यतः या विगतीमुळें शोभतें. विहिरी मोजणारा आणि अप्सरा टिपणारा मनुष्य एकच, व दोन्हीकडे लेखणी सारखीच थंड!

राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींच्या चुकांचा पाढा वाचला. तो न्याय ख्यातीस लावला तर पाबूजीची वात प्रथम गळेल. आमच्या मतें हा न्याय येथें अपुरा आहे. अप्सरा खरी कीं खोटी, हा नैणसीचा प्रश्नच नव्हे. मारवाडांत लोक आपल्या वीराविषयीं काय सांगतात, एवढेंच तो नमूद करतो, आणि त्यांत स्वतःची भर घालण्याचा मोह त्यास होत नाहीं. याला भोळेपणा म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. कागद हातीं धरणाऱ्याची ती सचोटी आहे.

दोष नाहींत असें नव्हे. वंशावळींची पानेंच्या पानें केवळ नांवांचीं आहेत; तीं वाचतांना जीव मेटाकुटीस येतो. स्त्रिया येतात त्या बहुधा कोणाची तरी कन्या व कोणाची तरी राणी म्हणून. विगतीमध्यें ज्याच्या वसुलावर सारें राज्य उभें आहे, त्या शेतकऱ्यास ख्यातींत तोंड नाहीं. अप्सरेस मात्र अट घालण्याइतका अधिकार आहे.

हिशेब राखणाऱ्या या माणसावर शेवटीं राजाचीच इतराजी झाली. त्यास व त्याचा भाऊ सुंदरदास यांस कैद झाली. एक लक्ष रुपयांचा दंड मागितला गेला, तो त्यांनीं दिला नाहीं. १६७० सालीं औरंगाबादेहून (आतांचें छत्रपति संभाजीनगर) मारवाडाकडे नेलें जात असतां वाटेंत फुलमरी गांवीं दोघांनीं कट्यारीनें आत्मघात केला. ख्यातीच्या कर्त्याचा अंत असा आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर झाला, हें येथें फारसें कोणास ठाऊक नाहीं.

बदरीप्रसाद साकरिया यांनीं संपादिलेली ख्यात जोधपूरच्या राजस्थान प्राच्यविद्या प्रतिष्ठानानें १९६० पासून चार भागांत छापली. ‘री’ म्हणजे आपली ‘ची’, इतकें ध्यानांत ठेवलें तरी मराठी वाचकास पुष्कळ वाट सुकर होते. वंशावळी खुशाल सोडाव्या. प्रथम पाबूजीची वात वाचावी, आणि लागलीच विगतींतील एखाद्या लहानशा गांवाची नोंद.