‘विघटन’ या संज्ञेची संदिग्धता

औषधांनी दूषित झालेल्या पाण्याविषयी लिहिताना ‘जिवाणू औषधाचे विघटन करतात’ हे वाक्य मराठीत सर्रास योजिले जाते. ते सदोष आहे. कारण दोन भिन्न क्रियांना ते एकच नाव देते. रेणू पाणी, कार्बन डायऑक्साइड व क्षार यांपर्यंत मोडणे ही एक. त्याची घटना केवळ पालटणे ही दुसरी. डायक्लोफिनॅकच्या रेणूस हायड्रॉक्सिल गट जोडून थांबणारे जिवाणूही ‘विघटक’च ठरतात.

हा भेद निव्वळ शाब्दिक नव्हे. गुरांच्या शरीरात घडणारे एक उदाहरण पाहावे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. निर्धोक मांस मिळावे म्हणून गडचिरोली वनविभागास गिधाडांसाठी ‘उपाहारगृहे’ उभारावी लागली. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. असेक्लोफिनॅक मात्र चालू राहिले. तेही गुरांच्या शरीरात ‘मोडते’ खरे. परंतु मोडून डायक्लोफिनॅकच होते! त्यावरील बंदीस २०२३ साल उजाडले.

तेव्हा पहिल्या क्रियेस ‘खनिजीकरण’ व दुसरीस ‘रूपांतरण’ म्हणावे. आणि ज्यास ‘विघटन’च लिहावयाचे असेल त्याने मागे काय उरले, तेही सांगावे.