राष्ट्रगीत कोणत्या भाषेंत गावें?

कांहीं गीतांची परीक्षा कागदावर वाचून होत नाहीं. तीं समुदायाच्या मुखीं कशीं उतरतात हें पाहावें लागतें. राष्ट्रगीत हें त्यांपैकीं पहिलें. 'जन गण मन' जाहीर समारंभांत ज्या भाषेंत गाइलें जातें ती भाषा कोणती, आणि ती बदलून लोकांची स्वतःची भाषा तेथें आणावी काय, या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथें करणार आहों.

वसई तालुक्यांतील माणिकपुराकडे पाहिलें असतां या प्रश्नाची धार कळते. रेल्वे स्टेशनाच्या आश्रयानें वाढलेल्या या वस्तींत जुन्या मराठी हिंदु व ख्रिस्ती घरांच्या शेजारीं गुजराती आणि हिंदी बोलणारीं घरेंही नांदतात. येथील ख्रिस्ती समाजानें उपासनेच्या भाषेचें मोठें स्थित्यंतर अनुभवलें आहे. पिढ्यान् पिढ्या मिस्सा लॅटिन भाषेंत होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं लोकभाषांस वाट करून दिल्यावर ती मराठींत होऊं लागली. तेव्हां कोणी विचारील कीं, प्रार्थना मराठींत आली, तर राष्ट्रगीतच परभाषेंत कां राहावें?

प्रथम तें परभाषेंत कितपत आहे हें पाहूं. २७ डिसेंबर १९११ रोजीं कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनांत पहिल्यानें गाइलें गेलेलें हें रवींद्रनाथांचें पद बंगाली खरें; पण ती संस्कृतप्रचुर बंगाली. २४ जानेवारी १९५० रोजीं राष्ट्रगीत म्हणून मान्य झालेल्या पहिल्या कडव्यांत बहुतेक नामें व विशेषणेंच आहेत. क्रियापदें मोजलीं तर तीन: जागे, मागे आणि गाहे. पहिलीं दोन आमच्या जुन्या ओवीच्या वळणाचीं आहेत. तिसरें तेवढें परकें वाटतें, तरी अर्थ अडत नाहीं. बंगाली 'नामे' म्हणजे 'नामांत'. मराठी कान त्यास आपल्या 'नामें' या तृतीयेच्या वळणानें ऐकतो, आणि तरीही भाव बिघडत नाहीं.

उच्चाराची गोष्ट याहून मौजेची आहे. बंगाली मुखांत अकार ओकाराकडे झुकतो, 'विधाता'चा 'बिधाता' होतो, 'यमुना'चें आद्याक्षर जकारासारखें ऐकूं येतें, आणि णकार नकारांत मिळून जातो. आमचा विद्यार्थी मात्र 'गण' मधला णकार ठसक्यानें म्हणतो. सरकारी भाषेंत यास 'हिंदी रूप' म्हणतात. वस्तुतः तेथें भाषांतर कांहींच नाहीं, देवनागरी लेखन व त्याप्रमाणें उच्चार इतकेंच आहे. सारांश, माणिकपुरांत जें ऐकूं येतें तें बंगाली पद मराठी जिभेवर आलेलें असतें. कोणत्याही प्रांताला त्यांत आपला ध्वनि मिसळतां यावा, हा या शब्दयोजनेचा मोठा गुण आम्ही समजतों.

भाषांतराचा प्रयोग झाला नाहीं असें नव्हे. सुभाषचंद्रांच्या आझाद हिंद चळवळींत १९४३ सालीं त्याचें हिंदुस्थानी रूप सिद्ध झालें. नाना प्रांतांच्या शिपायांस अर्थ कळावा, ही त्यामागची दृष्टि रास्तच होती. स्वतः रवींद्रनाथांनींही १९१९ सालीं मदनपल्ली येथें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. परंतु स्वातंत्र्यानंतर स्वीकार झाला तो मूळ शब्दांचाच.

याउलट लंकेचें उदाहरण पाहावें. तेथील राष्ट्रगीताचे कर्ते आनंद समरकोन हे शांतिनिकेतनांत शिकलेले. त्याचें तमिळ रूपही आहे. पण तें स्वातंत्र्यदिनाच्या मुख्य समारंभांत गावें कीं नाहीं यावर वाद माजला. २०१६ सालीं तें तेथें गाइलें गेलें, २०२० सालीं वगळलें गेलें. एका भाषिक समाजाच्या मुखीं असलेले शब्द असे काढून घेतले म्हणजे त्यास आपणच परके झालों असें वाटतें. म्हणून भाषांतर सर्वत्र त्याज्य, असा आमचा सिद्धांत नाहीं. जेथें मूळ गीत बहुसंख्यांच्या चालत्या भाषेंत आहे, तेथें दुसऱ्या भाषेचा हक्क मानलाच पाहिजे. आमच्याकडे स्थिति निराळी आहे. येथें बंगाली हीही अनेकांतील एक भाषा, आणि सर्वांत अधिक लोकांची जी हिंदी, तिलाही या गीतांत मालकी मिळालेली नाहीं.

मराठीला तिचें स्थान नाहीं काय? तें आहे. राजा बढे यांचें, श्रीनिवास खळे यांनीं स्वरबद्ध केलेलें व शाहीर साबळे यांच्या कंठानें घरोघर पोंचलेलें 'जय जय महाराष्ट्र माझा' १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झालें आहे. माणिकपुरांतील गुजराती घरचें मूल तें मराठींत गातें आणि मराठी घरचें मूल रवींद्रनाथांचें बंगाली पद गातें. दोघेंही शेजाऱ्याचे शब्द आपल्या मुखीं घेतात. प्रार्थना आणि राष्ट्रगीत यांतील भेद आम्हांस येथेंच दिसतो. प्रार्थनेंत मनुष्य आपलें अंतःकरण उघडें करतो, म्हणून तिला आपली भाषा हवी. राष्ट्रगीतांत तो ज्यांची भाषा त्याला येत नाहीं त्यांच्याबरोबर उभा राहतो, म्हणून तेथें सर्वांचे शब्द एकच हवेत.

परंतु मिस्सेच्या स्थित्यंतरानें शिकविलेला धडा येथेंही टाळतां येत नाहीं: न कळणाऱ्या शब्दांस मान मिळतो, जिव्हाळा मिळत नाहीं. आमचा आक्षेप भाषेवर नसून सादर करण्याच्या रीतीवर आहे. अनेक समारंभांत ध्वनिवर्धकावर मुद्रित गीत लागतें आणि श्रोते ओठ मिटून ५२ सेकंद संपण्याची वाट पाहतात. 'उत्कल' म्हणजे ओडिशा, 'उच्छल' म्हणजे उसळणारा आणि 'जलधि' म्हणजे समुद्र, हें किती घरांतील मुलांस ठाऊक असेल? समुद्र तर वसईकरांच्या दाराशींच आहे!

यास उपाय सोपा आहे. शाळेंत वर्षांतून एकदां तरी या गीताचा अर्थ साध्या मराठी गद्यांत सांगावा, एकदां तें बंगाली उच्चारांत ऐकवावें, आणि समारंभांत यंत्र बंद ठेवून मुलांनीं व वडिलांनीं स्वतः गावें. स्वर थोडा चुकला तरी चालेल. अर्थ मराठींत समजावा आणि गीत मुळाच्याच शब्दांत गावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.