नवा लॅपटॉप आणि अंगणातली काठी

कल्याणला विज्ञान शिकवणाऱ्या एका परिचित शिक्षिकेने लॅपटॉप घेतला. दुकानदाराने त्यात तीसेक आज्ञावल्या ‘फुकट’ भरून दिल्या. बऱ्याच चोरीच्या प्रती, आणि वर्गात उपयोगी अशी एकही नाही! “मग यात ठेवू तरी काय?” असे बाईंनी विचारले. माझी कसोटी साधी आहे. आज्ञावली जे दाखवते, ते संगणकाबाहेर पडताळता येते का? या कसोटीवर चार आज्ञावल्या पाहू. शाळेला त्या विनामूल्य मिळतात आणि एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटवाचून चालतात.

पहिली लेखनाची, लिब्रे ऑफिस. तिच्यात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द टंकून पाहा. युनिकोडमध्ये दोन्ही वेगळे उमटतात आणि दुसऱ्या संगणकावरही तसेच राहतात. जुन्या टंकांत लिहिलेली प्रश्नपत्रिका मात्र, तो टंक नसलेल्या यंत्रावर अगम्य चिन्हांची रांग होते. म्हणून नवे लेखन युनिकोडमध्येच करावे.

दुसरी स्टेलॅरियम. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही शहरे सुमारे 19.2 अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे 16 मेच्या सुमारास येथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. वेळ मात्र 12 वाजून 34 मिनिटांच्या आसपासची. आपले घड्याळ 82.5 अंश रेखांशाचे. डोंबिवली त्याच्या 9.4 अंश पश्चिमेला. अंशाला 4 मिनिटे याप्रमाणे 38 मिनिटांचा उशीर होतो, आणि त्या दिवसांत सूर्य सरासरी वेळेच्या जवळजवळ 4 मिनिटे पुढे असतो. हे सारे पडद्यावर दिसते. पण मे महिन्यात शाळेला सुटी, आणि जुलैअखेर सूर्य पुन्हा डोक्यावर येतो तेव्हा ढग! मग पडताळा कसा घ्यावा? 22 डिसेंबरला शाळेच्या अंगणात 1 मीटरची काठी उभी करा. तिची सर्वांत आखूड सावली सुमारे 92 सेंटिमीटर भरली पाहिजे. आज्ञावली दाखवते तो सूर्याचा उन्नतांश, 47.4 अंश, याच्याशी जुळतो का ते मुलांनाच काढू द्या.

तिसरी जिओजेब्रा. मार्कुस होहेनवार्टर यांनी ती 2001 साली साल्झबुर्ग येथे सुरू केली. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला तरी तिन्ही मध्यगा एकाच बिंदूत भेटत राहतात. दृश्य सुंदर आहे, आणि धोकाही तिथेच आहे. “दिसतंय की! मग सिद्धता कशाला?” असे मुले विचारतात. शंभर त्रिकोण पाहणे म्हणजे सिद्धता नव्हे, हे शिक्षकानेच सांगायला हवे.

चौथी ‘फेट’. भौतिकीचे नोबेल मिळवणारे कार्ल वाइमन यांनी 2002 साली कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. यातील बरेच प्रयोग मराठीतही आहेत. यातला लंबक चंद्रावर नेता येतो. ते आपल्या प्रयोगशाळेत शक्य नाही. पण घर्षण शून्यावर ठेवले की तो थांबतच नाही. दोरा आणि दगडाचा लंबक थांबतो. तो का थांबतो, हा प्रश्न पडद्यापुढे बसून सुचत नाही.

म्हणून बाईंना एवढेच सुचवले, की या चार ठेवा, बाकीच्या काढून टाका. आणि लॅपटॉपच्या पिशवीत दोरा, दगड आणि मोजपट्टीही असू द्या.