रुमालाची चाल

चौकड्यांच्या सुती कापडाचा एक चौरस तुकडा. त्याला शिलाई नाही, नाडी नाही, बटण नाही. तो तिरपा दुमडला की त्रिकोण होतो. लांब बाजू कमरेवर येते, तिची दोन टोकं मागे गाठीत जातात आणि तिसरं टोक पुढे दोन मांड्यांच्या मधोमध उतरतं. कोळ्यांचा रुमाल, म्हणजेच सुरका, तो एवढाच. पण एवढ्यात किती साधलंय ते निवांत बघण्यासारखं आहे.

सगळी किमया त्या तिरप्या दुमडीत आहे. सुती कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यावर ओढलं तर फारसं ताणत नाही. कोनातून ओढलं की लगेच लवतं. रुमालाची कमरेवरची कड नेमकी या कोनातली. म्हणून ती अंगाला धरून बसते, वाकलं तरी काचत नाही आणि गाठ सहसा सुटत नाही. डोळ्यांना मिळतं ते त्याहून मोठं. उभ्या-आडव्या रेघांचे चौकोन दुमडल्याबरोबर टोकावर उभे राहतात, शंकरपाळ्यांसारखे, आणि त्यांच्या रांगा खालच्या टोकाकडे निमुळत्या होत जातात. नजर कमरेवर रेंगाळत नाही, थेट पायांवर उतरते. दोन्ही बाजूंना मांड्या उघड्या. होडीत उभं राहून जाळं ओढणाऱ्या, गुडघाभर चिखलातून होडी ढकलणाऱ्या माणसाच्या पायांत खाऱ्या पाण्यानं जड झालेलं कापड घोटाळायला नको, ही त्यातली अक्कल. सौंदर्य त्या अकलेच्या पोटी आलंय, वरून चिकटवलेलं नाही.

चौकड्या आणि उघडे गुडघे म्हटलं की स्कॉटलंडचा किल्ट आठवणारच. तुलना करून पाहिली तर दोघांचा स्वभाव अगदी उलटा निघतो. पुरा किल्ट म्हणजे साधारण 8 यार्ड लोकरी कापड, सात मीटरच्या वर. पुढचा भाग सपाट. सगळ्या चुण्या मागे. चांगला कारागीर त्या चुण्या अशा घालतो की कापड न दुमडताही चौकडी जशी दिसली असती तशीच ती चुण्यांवरून पुढे चालू राहते. त्यामुळे किल्टची खरी शोभा चालत्या माणसाच्या पाठीमागून बघायची. प्रत्येक पावलाला तो वजनदार घेर झुलतो. रुमालाची शोभा मात्र समोरून बघायची, पाठीला फक्त गाठ. तिथे कारागिराचे तासन्‌तास शिवणीत जातात, इथे नेसणाऱ्याचा हात हाच कारागीर.

किल्टचा इतिहास कायद्यानं घडवला. 1746 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं डोंगराळ मुलखातल्या पुरुषांना तो वेश बंद केला, 1782 मध्ये बंदी उठली आणि 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरात स्वतः किल्ट घालून मिरवला. कष्टकऱ्याचा कपडा मानाचा पोशाख झाला. रुमालावर कुणी बंदी घातली नाही. शाळा आली, कंपनी आली, आणि तो खुंटीवर गेला. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ या भिवंडीच्या पट्ट्यात भाताची शेतं होती तिथे आता गोदामं उभी आहेत. कंटेनर, फोर्कलिफ्ट, बारकोड या जगात कमरेला रुमाल कोण लावणार? त्याला जागा उरली ती नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत आणि हळदीत.

राहनाळच्या एका हळदीत मी ते जवळून पाहिलं. आगरी घर, दारात मांडव, आत धवलारीण लग्नाचे धवले गाऊन थकलेली, बाहेर बँजो लागलेला. नवऱ्याच्या दोस्तांनी या वेळी रुमाल लावायचा असं ठरवलं होतं. त्यातला एक गोदामात काम करणारा तरुण. जन्मात पहिल्यांदा रुमाल लावून चारचौघांत आलेला. बाहेर आला आणि उंबऱ्याशीच थबकला. आधी त्याचे हात बघावेत. खिसेच नाहीत, तर हात ठेवायचे कुठे? उजवा हात सारखा पुढचं टोक खाली ओढतोय, डावा मागची गाठ चाचपतोय. पावलं आखडलेली, गुडघे जुळलेले. पँटीत वाढलेल्या पायांना मांडीवरचा वारा परका असतो. शेजारच्या मुली हसल्या; त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण त्याचे कान लाल झाले.

मांडवाच्या खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे काका हे सगळं बघत होते. ते एवढंच म्हणाले, "टोक सोड, पोऱ्या. कंबर खाली घे."

याहून नेमकी टीका कुठल्या वेशभूषेवर मी वाचलेली नाही. रुमाल ताठ उभ्या माणसासाठी नाहीच मुळी. बँजोनं कोळीगीताचा ठेका धरला, पोरांनी गुडघे वाकवले, हात वल्हं मारायच्या फेऱ्यात फिरू लागले आणि त्या कापडाचा अर्थ लागला. गुडघा वाकला की दोन्ही कडा मांडीवरून सरकून वाट देतात, मधलं टोक ठेक्याबरोबर पुढे-मागे होतं, आणि टोकावर उभे असलेले ते चौकोन कधी लांबट, कधी फताडे होत राहतात. नाच वल्ह्याचा, कपडाही वल्ह्याचा. तरुणाचा हात टोकावरून कधी सुटला ते त्याला कळलंही नसेल. पुढच्या गाण्याला तो सगळ्यांच्या पुढे होता, आणि सुंदर दिसत होता. हे मी अगदी जबाबदारीनं लिहितो.

स्नेहसंमेलनांतल्या कोळीनृत्यांनी रुमाल महाराष्ट्रभर नेला, त्याबद्दल त्यांचे आभार. पण ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं येतो तो पुष्कळदा इलॅस्टिक लावून शिवलेला, चकचकीत कापडाचा असतो. आधीच त्रिकोणात कापलेला, चौकड्या सरळच्या सरळ. कोनाचा ताण गेला म्हणजे जीव गेला. पुढचं टोक नुसतं लोंबतं. आत गुडघ्याखाली येणारी बर्म्युडा घातली तर मांडीची रेषाही गेली. आत चड्डी हवीच, पण आखूड आणि गडद रंगाची.

पुढच्या लगीनसराईत ज्यांच्या घरी हळद आहे त्यांनी एवढं करावं. साधा सुती, ठसठशीत चौकड्यांचा चौरस घ्यावा आणि चांगला आठवडाभर आधी आणावा. नव्या कापडाची खळ दोनतीन धुण्यांत निघते. तोवर ते फुगून उभं राहतं, अंगावर पडत नाही. उन्हात वाळवावा, इस्त्री करू नये. गाठ घरातल्या जुन्या माणसाकडून शिकून घ्यावी, पण मारावी स्वतःच, आणि मांडवात जायच्या आधी ओटीवर चार वेळा खाली बसून उठून बघावं.