'बीफ', 'मटन' आणि व्युत्पत्तीची मर्यादा

इंग्रजीच्या शब्दसंपत्तीचे विवेचन करताना एक दाखला हटकून दिला जातो. गोठ्यातील जनावरांची 'काऊ', 'शीप', 'स्वाइन' ही नावे सॅक्सन आणि ताटातील मांसाची 'बीफ', 'मटन', 'पोर्क' ही नावे फ्रेंच. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर राबणारे सॅक्सन व जेवणारे नॉर्मन असे समाजाचे दोन भाग पडले आणि तेच शब्दांत उमटले, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात येतो. वॉल्टर स्कॉटने १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅनहो'च्या पहिल्याच प्रकरणात विदूषक वॉम्बाच्या तोंडी हा विचार घातला आणि तो सर्वतोमुखी झाला.

यातील व्युत्पत्ती बिनचूक आहे. निष्कर्ष मात्र पारखून घेतला पाहिजे. 'बीफ' व 'मटन' हे शब्द इंग्रजीत रुळल्यावरही कित्येक शतके जनावरांना लावले जात. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधील शायलॉक माणसाच्या मांसाची किंमत तोलताना ही दोन्ही पदे जनावरे याच अर्थाने अनेकवचनात वापरतो. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही 'बीफ'चा एक अर्थ खाण्याजोगा बैल अथवा गाय असा दिलेला आहे. नॉर्मन वर्चस्वाचा परिणाम नाकारण्याचे कारण नाही. तथापि आज काटेकोर भासणारी ही विभागणी त्या विजयाबरोबर सिद्ध झाली नसून पुढील वापराने सावकाश पक्की झाली, हे उघड आहे.

शिवाय 'लॅम्ब' हा अस्सल सॅक्सन शब्द कोकरू व त्याचे मांस या दोहोंसाठी आजही चालतो. प्रौढ स्त्रीने तरुणीचा पेहराव केल्यास तिला कुत्सितपणे 'मटन ड्रेस्ड ॲज लॅम्ब' म्हणतात. एक पद फ्रेंच व दुसरे सॅक्सन असूनही येथे धनी आणि चाकर हा भेद अभिप्रेत नाही. भेद आहे तो केवळ वयाचा.

मराठीत आलेल्या 'मटण' शब्दाचीही हीच कथा. तो येथे मुख्यतः बोकडाच्या मांसाशी निगडित झाला; फ्रेंच मूळ कितीही उकलले तरी त्यातून हा अर्थ निघणार नाही. व्युत्पत्ती शब्दाचे कुळ सांगते, त्याचा पुढील संसार सांगत नाही. यास्तव स्कॉटचा दाखला वर्गात अवश्य द्यावा. परंतु त्यावरून समाजेतिहासाचे विधान करणाऱ्या विद्यार्थ्याने त्या त्या शतकातील प्रयोग आधी पुढे ठेवावेत.